गावोगावी नर्सिंगची महाविद्यालये, तरीही रुग्णालयात सिस्टर का नाहीत?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा

नमस्कार.

मी आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर अशासकीय सदस्य आहे. समितीपुढे औषधे, पाण्याची टाकी, जनरेटरचे डिझेल असे विषय येतात आणि त्यांतील बहुतेकांवर काही ना काही तोडगा निघतो. मनुष्यबळाचा विषय निघाला की मात्र सगळेच गप्प होतात. मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी पदे रिक्त आहेत, भरलेल्यांपैकी एक-दोघी प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, आणि उरलेल्या सिस्टरांनी प्रसूतिगृह, आंतररुग्ण विभाग, इंजेक्शन रूम व लसीकरण हे सारे सांभाळायचे, अशी आमच्याकडची स्थिती आहे. कक्षसेवक आणि सफाई कामगार यांची अवस्था याहून वाईट आहे. रात्री अडलेली बाई आली तर स्ट्रेचरला हात लावणारे बहुधा तिचे नातेवाईकच असतात.

मला न सुटलेले कोडे असे आहे. माझ्याच कितीतरी विद्यार्थिनींनी बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घेतला. एएनएमची (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षे, जीएनएमची (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका) तीन वर्षे किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे यांची फी भरण्यासाठी त्यांच्या वडिलांनी सोसायटीचे किंवा सावकाराचे कर्ज काढले, कारण या शिक्षणानंतर नोकरी हमखास मिळते असे सगळेच सांगत होते. त्या उत्तीर्ण झाल्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे त्यांची नोंदणीही झाली. आज त्यांपैकी काही घरी आहेत, काही पुण्यात बारा-बारा तास राबत आहेत, आणि काहींनी लग्नानंतर हे काम कायमचे सोडले आहे. एकीकडे शिकलेल्या मुली कामाविना आणि दुसरीकडे खाटेवरचा रुग्ण सिस्टरविना, या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात एकाच वेळी कशा घडतात?

‘सरकारी माणसांना काम नको असते’ आणि ‘मुलींना खेड्यात राहायचे नसते’ ही दोन उत्तरे मी पुष्कळदा ऐकली आहेत, पण त्यांनी माझे समाधान होत नाही. जे प्रत्यक्ष या क्षेत्रात आहेत त्यांनी कारणे सविस्तर मांडावीत, ही विनंती.

उत्तर : अधिपरिचारिका, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, मराठवाडा

गुरुजी, नमस्कार. आपण विचारले म्हणून मनापासून लिहिते आहे.

पहिली गोष्ट अशी की ‘रिक्त पदे’ हा शब्दच आमची खरी अडचण निम्मी झाकून टाकतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे एका पाळीत नऊ खाटांना एक. इतर रुग्णालयांत हेच प्रमाण पाच खाटांमागे एक, म्हणजे पाळीत पंधरा खाटांना एक असे आहे. शिवाय रजा आणि सुट्ट्यांसाठी ३० टक्के संख्या राखीव धरायची असते. या हिशेबाने आमच्या साठ खाटांच्या वॉर्डाला वीस अधिक सहा, म्हणजे सव्वीस परिचारिका लागतील. आमच्या मंजूर पदांची संख्याच या निकषाच्या जवळपास जात नाही. त्यामुळे उद्या सगळी पदे भरली आणि शासनाने ‘आता एकही जागा रिक्त नाही’ असे जाहीर केले, तरी वॉर्डातील चित्र फार बदलणार नाही.

दुसरे म्हणजे निकष खाटांवर बेतलेले आहेत, आणि आमच्याकडे रुग्ण खाटांपेक्षा जास्त असतात. मराठवाड्यातील शासकीय महाविद्यालयांची रुग्णालये रुग्णाला परत पाठवत नाहीत, पाठवूही नये. तालुक्याहून ‘पुढे न्या’ असे लिहून आलेला रुग्ण आमच्यापुढे कुठे जाणार? साठ खाटांच्या मेडिसिन वॉर्डात पावसाळ्याच्या दिवसांत नव्वद रुग्ण असतात आणि त्यांतले तीसेक जण खाली गाद्यांवर असतात. रात्री आठला ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा घेताना, आम्ही दोघी असतो, कधी एकच स्टाफ आणि सोबत एक विद्यार्थिनी. ड्युटी सकाळी आठपर्यंत, म्हणजे बारा तासांची. दहाची इंजेक्शने सुरू केली की शेवटच्या रुग्णापर्यंत पोहोचायला मध्यरात्र होते. त्यातच फवारणीचे औषध प्यायलेला शेतकरी कॅज्युअल्टीतून वर येतो. अशा रुग्णाला सुरुवातीला दर काही मिनिटांनी अ‍ॅट्रोपिन द्यावे लागते, आणि प्रत्येक वेळी त्याची नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या व छातीतील घरघर पाहावी लागते. त्याच्या खाटेपाशी एकीने थांबलेच पाहिजे. मग उरलेल्या ८९ जणांसाठी एक जण राहते, आणि त्यांतल्या एखाद्याला रक्त चालू असले तर सुरुवातीची पंधरा मिनिटे तिथेही उभे राहणे आवश्यक असते. अशा वेळी काय सोडायचे, हे आम्हाला ठरवावे लागते. रक्तदाब मोजला जात नाही, कुशी बदलली जात नाही, पोषणनळी वेळेवर धुतली जात नाही. रुग्णाच्या पाठीवर पडलेली जखम ही कित्येकदा निव्वळ संख्येच्या कमतरतेची जखम असते. रुग्णाच्या मुलाला हे कोण सांगणार? त्याला समोर दिसते ती सिस्टर, आणि तिच्यावरच तो ओरडतो.

तिसरे कारण मामा-मावशींचे, म्हणजे कक्षसेवक आणि आया यांचे आहे. वॉर्डात मामा नसेल तर रक्तपेढीतून पिशवी कोण आणणार, एक्स-रेला रुग्ण कोण नेणार, ऑक्सिजनचा सिलिंडर कोण बदलणार आणि मृतदेह कोण हलवणार? ही कामे थांबत नाहीत. ती नातेवाईकांवर किंवा सिस्टरवर येतात. त्यांच्याबरोबर ऑनलाइन नोंदी, औषधांचा साठा संगणकावर चढवणे, इंडेंट (साहित्याची मागणीपत्रे) आणि निरनिराळी रजिस्टरे हेही आमच्याच माथी असते. एका पाळीतील किती वेळ रुग्णापाशी जातो हे कोणी प्रामाणिकपणे मोजले, तर कमतरता कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठी निघेल.

आणि जे लोक आहेत ते का जातात, हेही सांगते. राज्य शासनात आमचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, तर केंद्र सरकारच्या एम्स रुग्णालयांमध्ये त्याच कामासाठी ४४,९०० पासून. त्यामुळे हुशार मुली रुजू झाल्यानंतरही एम्सच्या परीक्षेची तयारी करत राहतात आणि निवड झाली की राजीनामा देतात. पैशाहून मोठे कारण भीतीचे आहे. २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या नवजात कक्षात आणि नंतर अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आगी लागल्या, तेव्हा परिचारिकांवर कारवाई झाली. अहमदनगरला तर अटकही झाली. निष्काळजीपणाला शिक्षा असावी, याबद्दल दुमत नाही. पण कक्षात किती जणी असायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती होत्या, हा प्रश्न चौकशीच्या आरंभी विचारला गेला पाहिजे. तो शेवटी येतो किंवा येतच नाही, म्हणून नव्या मुलींना नवजात कक्ष आणि अतिदक्षता विभाग नकोसे वाटतात.

उत्तर : आरोग्य विभागातील निवृत्त कार्यालय अधीक्षक, परभणी

गुरुजींच्या प्रश्नाचा आस्थापनेशी संबंधित भाग मी सांगू शकतो, कारण नोकरीचा बहुतेक काळ मी त्याच टेबलावर होतो.

एखादे पद रिक्त झाले की ते आपोआप भरले जात नाही. आधी संवर्गाची बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंदवही, अद्ययावत करून मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, मग मागणीपत्र वर जाते, वित्त विभाग किती टक्के पदे भरायची ते ठरवतो, त्यानंतर जाहिरात, परीक्षा, निकाल, हरकती, कागदपत्र तपासणी आणि नियुक्ती आदेश अशी साखळी असते. यातील एका जरी कडीवर वाद झाला, तरी पुढचे सगळे थांबते. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीत पेपर फुटले, गट ड ची परीक्षा रद्द झाली आणि ज्या मुलामुलींनी वर्षभर अभ्यास केला होता त्यांचा काळ वाया गेला. त्या काळातही दर महिन्याच्या अखेरीस कोणी ना कोणी निवृत्त होतच होते. नियुक्ती आदेश निघाल्यावरही सगळे रुजू होत नाहीत, कारण तीच मुलगी एकाच वेळी महापालिकेच्या, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या आणि केंद्राच्या यादीत असते. प्रतीक्षा यादीतून जागा भरता येतात, परंतु तिची मुदत साधारणपणे वर्षाची असते आणि फाईल फिरेपर्यंत ती संपून जाते. भरती संपते तेव्हा पुन्हा तितक्याच जागा रिकाम्या झालेल्या असतात.

हे सारे केवळ दिरंगाईमुळे होते, असे मला वाटत नाही. रिक्त पद म्हणजे वेतनावरची बचत असते, आणि ज्या वर्षी तिजोरीवर ताण असतो त्या वर्षी भरतीची टक्केवारी कमी होते. पद मंजूर ठेवायचे आणि भरायचे नाही, हे शासनाला सर्वांत सोपे जाते, कारण पद रद्द केले तर विधानसभेत प्रश्न येतो आणि रिक्त ठेवले तर फक्त उत्तर द्यावे लागते की ‘कार्यवाही सुरू आहे’.

त्याऐवजी निघालेला मार्ग म्हणजे कंत्राट. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा त्यातून नेमलेल्या एएनएम आणि स्टाफ नर्स यांच्यामुळे खेड्यांतील प्रसूतिसेवा खरोखर उभी राहिली. परंतु त्यांना मुदतीचे आदेश, मध्ये एक-दोन दिवसांचा खंड आणि पुन्हा आदेश अशी वर्षानुवर्षे वागणूक मिळाली. दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा, शासन निर्णय निघायला मार्च २०२४ उजाडला. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका बाह्यस्रोताद्वारे भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या, ते उगाच नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. करोनाच्या काळात तीन-तीन महिन्यांच्या आदेशावर मुली घेतल्या आणि लाट ओसरताच त्यांना घरी पाठवले. ज्यांनी ते अनुभवले, त्या पुन्हा अशा जाहिरातीकडे का बघतील?

मराठवाड्यापुरते आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर (घाटी), अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर ही चार शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होती. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथे नवी सुरू झाली. निर्णय चांगला आहे, मला त्याचा आनंदच आहे. परंतु नव्या महाविद्यालयासाठी नवे रुग्णालय उभे राहिले नाही. असलेले जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेले. इमारत आणि खाटा गेल्या, पण कर्मचारी मूळ विभागाचे राहिले. काही प्रतिनियुक्तीवर थांबले, काहींनी मूळ विभागात परत जाण्याचे पर्याय दिले, आणि नव्या विभागाची पदनिर्मिती व भरती सावकाश होत राहिली. महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी तपासणी पथक येणार म्हटले की जुन्या महाविद्यालयातून माणसे तात्पुरती नव्याकडे पाठवायची, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गर्दी वाढली की ग्रामीण रुग्णालयातील सिस्टरला तिकडे बोलवायचे, हे चालूच आहे. तोकडी गोधडी डोक्यावर ओढली की पाय उघडे पडतात, तसा हा प्रकार आहे, आणि गुरुजींचे ग्रामीण रुग्णालय हे त्यातले उघडे पाय आहेत.

याच काळात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. गरिबासाठी हे आवश्यकच होते. बाह्यरुग्णांची रांग त्यामुळे वाढली, त्या मानाने पदे मात्र वाढली नाहीत. आणि ग्रामीण भागातील संस्थांचे निकष लोकसंख्येवर आधारलेले असताना शेवटची जनगणना २०११ ची आहे, म्हणजे वाढलेली माणसे हिशेबात धरलेलीच नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. त्यानंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि कित्येक दिवस चर्चा त्या दृश्याचीच झाली. स्वच्छतागृह अस्वच्छ का होते, तर सफाईसाठी माणसे अपुरी होती, हा मुद्दा मागेच पडला. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि मंजूर पदे किती व भरलेली किती, हे शासनाला विचारले. मला तोच योग्य प्रश्न वाटतो.

राज्यघटनेच्या ३७१(२) कलमानुसार मराठवाड्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषाची मांडणी अधिकृतपणे करणारे एक व्यासपीठ त्यामुळे गेले. आरोग्यातील पदांचा अनुशेष आता कोण मोजणार?

उत्तर : परिचारिका, खासगी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर

शिकूनही मुली घरी का आहेत, याचे उत्तर माझ्याकडे आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातली आहे. जीएनएम केल्यावर शासकीय भरतीची वाट पाहत असताना एका खासगी रुग्णालयात लागले. पगार बारा हजार, ड्युटी बारा तासांची, आणि रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात जमा. दोन वर्षांच्या आत सोडले तर पैसे भरा, नाहीतर प्रमाणपत्रे मिळणार नाहीत, असे कागदावर लिहून घेतले. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे गेल्यावर घरी पाठवायला जे उरत असे, त्यातून वडिलांच्या कर्जाचे व्याजही फिटत नव्हते. माझ्याबरोबरच्या एका मुलीच्या घरच्यांनी हिशेब केला आणि तिला सरळ परत बोलावून घेतले. त्यात तिचा काय दोष?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी परिचारिकांच्या वेतनाबाबत समिती नेमायला सांगितली होती. त्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही वेतन वीस हजारांपेक्षा कमी नसावे आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर ते शासकीय वेतनाइतके असावे, अशी शिफारस केली. मधल्या आकाराच्या रुग्णालयांसाठीही प्रमाण ठरवून दिले. त्याची अंमलबजावणी राज्यांनी करायची होती. इतकी वर्षे झाली, आमच्या ओळखीतल्या कुणाच्याही पगारपत्रकात ती उतरलेली मी पाहिलेली नाही.

शिक्षणाबद्दलही बोलले पाहिजे. माझ्या महाविद्यालयाच्या संलग्न रुग्णालयात खाटा होत्या आणि रुग्ण फार थोडे. तपासणीच्या दिवशी खाटा भरलेल्या दिसत. सलाईन लावणे आम्ही पुतळ्यावर शिकलो आणि कॅथेटर प्रत्यक्षात घालायला शिकले ती नोकरीत, एका ज्येष्ठ सिस्टरच्या हाताखाली. त्यांनी शिकवले नसते तर मी हे काम सोडले असते. अशी कितीतरी मुले-मुली प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात, पण अतिदक्षता विभागात उभे राहायची त्यांची तयारी नसते. मग मुलाखतीत नाकारले जातात किंवा घाबरून स्वतःच सोडतात. कागदावरची संख्या वाढते, काम करू शकणारे हात मात्र तितके वाढत नाहीत.

सध्या मी सकाळी जर्मन भाषेच्या वर्गाला जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडेही या वर्गांची चौकशी वाढली आहे. मला आई-वडिलांजवळ राहायला आवडले असते.

उत्तर : डॉक्टर, वीस खाटांचे रुग्णालय, लातूर जिल्हा

वरच्या ताईंनी लिहिलेले खरे आहे आणि प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे हे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. तरी तालुक्याच्या ठिकाणची दुसरी बाजूही मांडतो.

माझ्याकडे रुग्ण शेतकरी आणि ऊसतोड मजूर. सोयाबीनला भाव नसला की तेही बिल पुढच्या हंगामावर ढकलतात, आणि मी नाही म्हणू शकत नाही. शासनाच्या आरोग्य विमा योजनेतील पॅकेजचे, म्हणजे प्रत्येक उपचाराचे, दर ठरलेले असतात आणि पैसे उशिरा येतात. वीस खाटांसाठी तीन पाळ्यांत दोन-दोन नोंदणीकृत परिचारिका ठेवायच्या तर सुट्ट्या धरून किमान आठ जणी लागतात, आणि वीस हजारांप्रमाणे महिना एक लाख साठ हजार रुपये होतात. एवढे उत्पन्न बाजूला काढणे मला जमत नाही. म्हणून दोन प्रशिक्षित आणि बाकीच्या बारावी झालेल्या, इथेच शिकलेल्या मुली, अशी रचना बहुतेक छोट्या रुग्णालयांत असते. नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण मागतो, हे मला ठाऊक आहे. तरी तपासणीला येणाऱ्यांनी या प्रश्नाचा आर्थिक भागही पाहावा, असे मला वाटते. शासनाने तालुका पातळीवरच्या छोट्या रुग्णालयांना प्रशिक्षित परिचारिकेच्या वेतनातील काही वाटा योजनेच्या दरातून मोकळेपणाने दिला, तर पात्र मुली गावाजवळ राहतील.

उत्तर : अधिपरिचारिका

डॉक्टरसाहेब, आपली अडचण मला समजते. पण अप्रशिक्षित मुलीच्या हातात इंजेक्शन देणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग होऊ शकत नाही. रुग्णाच्या जिवाचा धोका तर आहेच, शिवाय त्या मुलीचेही नुकसान आहे. ती पाच-सात वर्षे काम करते, तिला नोंदणी नाही, पगार सात-आठ हजारांवर अडकलेला आणि उद्या काही घडले तर जबाबदार तीच. शिवाय पाच हजारांनी कमी पगारात अप्रशिक्षित हात मिळतात म्हणूनच प्रशिक्षित मुलीला बारा हजार सांगितले जातात. योजनेच्या दरात परिचर्येचा वेगळा वाटा असावा, ही आपली सूचना मात्र मला पटते. आजच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया मोजली जाते, औषध मोजले जाते, पण रात्रभर जागून रुग्ण सांभाळणारी व्यक्ती कुठेच मोजली जात नाही.

प्रश्नकर्ते : निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक माहिती माझ्याकडून देतो, कारण ‘मुलींना खेड्यात राहायचे नसते’ या आरोपाशी तिचा संबंध आहे. आमच्या रुग्णालयाच्या आवारातील कर्मचारी निवासस्थाने गळतात, उन्हाळ्यात तिथे टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते आणि आवारात रात्री दिवा नसतो. त्यामुळे सिस्टर जिल्ह्याच्या गावाहून ये-जा करतात. दुपारची ड्युटी रात्री आठला संपते आणि एसटीची शेवटची गाडी सातला निघते. एक तर त्यांनी रात्री कुणाच्या तरी दुचाकीवर जायचे किंवा इंजेक्शन रूमच्या बाकावर पहाट करायची. या परिस्थितीत लहान मूल असलेली बाई बदली मागणारच.

मला आता असे विचारायचे आहे की आमच्यासारख्या समितीच्या सदस्याने नेमकी कोणती माहिती मागवावी आणि कोणाकडे?

उत्तर : निवृत्त कार्यालय अधीक्षक, परभणी

गुरुजी, ‘किती पदे रिक्त आहेत’ एवढेच विचारू नका. माहिती अधिकाराच्या अर्जात संवर्गनिहाय चार रकाने मागा : मंजूर, भरलेली, प्रतिनियुक्तीवर किंवा दीर्घ रजेवर असलेली, आणि आज प्रत्यक्ष कामावर असलेली. खरी स्थिती चौथ्या रकान्यात कळते. त्यासोबत मागील तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्टच्या प्रती आणि प्रत्येक प्रतिनियुक्ती आदेशाची प्रत मागा. ही माहिती तीस दिवसांत मिळायला हवी.

ड्युटी लिस्ट हातात आली की साधे गणित करा. आठवड्याला दिवसाच्या तीन पाळ्या धरून २१ पाळ्या होतात आणि प्रत्येकीला साप्ताहिक सुट्टी दिली तर एक जण जास्तीत जास्त सहा पाळ्या करते. समजा सात पदे मंजूर आहेत, त्यांपैकी दोन रिक्त, एक जण प्रतिनियुक्तीवर आणि एक १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर. उरलेल्या तिघींच्या मिळून १८ पाळ्या होतात, म्हणजे प्रत्येक पाळीत एकच सिस्टर ठेवायची म्हटली तरी आठवड्याला तीन पाळ्यांना कोणीच नाही. त्या तीन पाळ्या कोणाच्या तरी सुट्टीतून किंवा सलग दोन ड्युट्यांतून काढलेल्या असतात, आणि हे त्या कागदावर नावानिशी दिसते. समितीच्या इतिवृत्तात हे गणित जसेच्या तसे नोंदवून घ्या.

बीड जिल्हा आरोग्य विभागाच्या लातूर मंडळात येतो. म्हणून प्रतिनियुक्त्या रद्द करण्याबाबतचे पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या आणि त्याची प्रत लातूरच्या उपसंचालकांना पाठवा. निवासस्थानांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कधी गेले आणि सध्या कोणत्या टेबलावर आहे, हे वेगळ्या अर्जाने विचारा. एसटीच्या वेळेसाठी आगारप्रमुखांना समितीचा ठराव पाठवला तर शेवटची गाडी साडेआठपर्यंत पुढे नेणे अशक्य नाही. आमच्याकडे एका तालुक्यात असे झालेले आहे.